घरचा नंबर

"माझं काही चुकलं का साहेब?" तिसऱ्यानेही तेच विचारलं.

"नाही हो, काही चुकलं नाही. सहज फोन केला. काम कसं चाललंय, काही अडचण वगैरे..."

"काही नाही साहेब. सगळं एकदम छान आहे." आणि वेल्डरने फोन ठेवूनही दिला.

मोठ्या साहेबांनी यादीवर खूण केली. बंदरात साडेचार हजार माणसं राबत होती. गेल्या महिन्यात सगळ्यांना एक प्रश्नावली दिली होती, नाव न लिहिता भरायची. त्यात कुणीतरी लिहिलं होतं, 'आम्ही जगलो काय नि मेलो काय, वर कुणाला सोयरसुतक नाही.' बाकीचा अहवाल साहेब विसरले, ते वाक्य विसरले नाहीत. म्हणून रोज सकाळी पाच जणांना फोन. सेक्रेटरीने लावून द्यायचा नाही, स्वतःच्या मोबाइलवरून लावायचा.

चौथ्या ओळीत एक क्रेनचालक होता. नंबर घरचा निघाला; फोन बाईने उचलला.

"नमस्कार. मी बंदरातून बोलतोय, मुख्य अधिकारी. कसे आहात सगळे?"

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज झाला.

"काय झालं त्यांना?"

"काही झालं नाही ताई. मी आपला सहज..."

"सहज कोण फोन करतं? खरं सांगा. आहेत ना ते?" तिचा आवाज चिरकला. "शेजारच्या वहिनींना गेल्या वर्षी असाच फोन आला होता. आधी विचारलं, कसे आहात सगळे. मग सांगितलं."

गेल्या वर्षी बंदरात गेलेल्या त्या शेजाऱ्याच्या भरपाईच्या कागदांवर सही साहेबांनीच केली होती. चेहरा आठवून पाहिला. पण आठवायला तो कधी पाहिलेलाच नव्हता.

"फोन ठेवू नका," ते म्हणाले. "मी जातो त्यांच्याकडे. तुम्ही ऐकत राहा."

लिफ्ट वर यायला वेळ लागत होता, म्हणून ते जिन्याने निघाले. पाच मजले. "उतरतोय ताई. आता आवारात आलो." ट्रकवाल्यांनी करकचून ब्रेक लावले. कंटेनरच्या रांगांमधून साहेब कानाला फोन लावून अर्धवट पळत होते आणि माणसं हातातलं काम सोडून बघत होती.

"क्रेन दिसली. हलतेय ताई. म्हणजे ते आहेत वर."

"दुसरं कुणी असेल."

साहेब आणखी जोरात पळू लागले.

क्रेनखाली मुकादम उभा होता. त्याने आधी साहेबांच्या डोक्यावर एक हेल्मेट चढवलं, मग काय झालं ते विचारलं. ऐकून घेतल्यावर वॉकीटॉकीवर ओरडला, "भार खाली ठेव आणि उतर. घरून फोन आहे."

उतरायला सात-आठ मिनिटं लागली. साहेब फोनमध्ये सांगत राहिले, "शिडीवर आले. अर्ध्यावर आले." पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

क्रेनचालक पन्नाशीचा, जाडसर माणूस. त्याने फोन घेतला आणि पाठ वळवली.

"अगं, मी आहे. हो, मीच. दोन्ही हात आहेत, दोन्ही पाय आहेत. रडतेस काय वेड्यासारखी? नाही, अजून जेवलो नाही. कसला वास? अगं मग गॅस बंद कर आधी! हो. हो गं. येतो वेळेवर."

साहेब दोन पावलं मागे सरकले, पण ऐकू येत होतंच. ऐकू यावं असं वाटतही होतं.

क्रेनचालकाने फोन बाहीला पुसून परत दिला. "काही काम होतं का साहेब?"

"नाही. चुकलं माझं. घरी फोन करायला नको होता."

"ती तशीच आहे. जरा काही झालं की घाबरते." मुकादम उगाच लांब बघत राहिला.

"किती वर्षं आहात क्रेनवर?"

"एकोणीस होतील."

"वरून काय काय दिसतं?"

"सगळं दिसतं. जहाजं, गोदामं, पार रस्त्यापर्यंत." मग जरा बिचकत म्हणाला, "तुमची खिडकीपण दिसते. बरोबर एकच्या ठोक्याला तुम्ही डबा उघडता. आम्ही त्यावर घड्याळ लावतो. साहेब बसले, चला, आपणपण खाऊन घेऊ."

साहेबांना हसू आलं. "आणि काय म्हणता मला?"

"काही नाही. एकटेच जेवतात म्हणतो."

मुकादमाने खाकरून दाखवलं. क्रेनचालकाला ते कळलंच नाही. त्याने हातमोजे चढवले आणि शिडीला हात घातला.

"मी खिडकीतून हात केला तर दिसेल तुम्हाला?"

"दिसेल की. पण तुम्हाला मी नाही दिसायचा साहेब. त्या वेळेला माझ्या काचेवर ऊन असतं." आणि तो चढू लागला.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीने यादी आणली, तेव्हा साहेब म्हणाले, "ठेवा. घरी नको फोन." सकाळभर ते खाली आवारात होते. चार जणांशी बोलले. दोघांनी विचारलं, काही चुकलं का. एकाने सांगितलं, गोदामातला नळ महिनाभर गळतोय.

एक वाजता त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि खिडकीशी आले. लांब, खूप उंचावर, एक चौकोन नुसता लखलखत होता. डोळे ठरत नव्हते. साहेबांनी हात वर केला आणि डोळ्यांना पाणी येईपर्यंत तसाच धरून ठेवला.