डावीकडची चकती

"कडी लावतो, अक्का. फटीतनं उजेड येतोय," हयवदन म्हणाला.

"येऊ दे की. उजेडाला कशाला भ्यायचं?" तुंगाबाईंनी स्टूल दारालाच टेकवलं आणि त्यावर ठाण मांडलं.

बसवनगुडीतल्या त्या स्टुडिओत तिघंच होती. फोटोग्राफर हयवदन, पांढऱ्या पडद्यापुढे रेशमी साडीत अवघडून उभी असलेली शिल्पाश्री, आणि तिची ही आई. चिक्कपेटेतल्या एका साडीच्या दुकानाला शहाण्णवच्या कॅलेंडरसाठी नवा चेहरा हवा होता. उद्या अकराच्या आत फोटो पोचले नाहीत, तर संधी गेली.

हयवदनने कॅमेरा डोळ्याला लावला. "हनुवटी स्वल्प खाली. सरी, अगदी अस्संच. आता सांगा, कॉलेजात कुणाची नक्कल करता?"

शिल्पाश्रीने आईकडे पाहिलं. खटक्.

"बोलायचं कशाला मेलं? फोटो काढा," तुंगाबाई म्हणाल्या.

तो बोलतच राहिला. खटक्, खटक्. हळूहळू पोरीचे खांदे सैल झाले. नाकावरचा चष्मा सावरत पुस्तकं मोजणाऱ्या ग्रंथपालांची तिने हुबेहूब नक्कल केली, आणि स्वतःच हसत सुटली. तुंगाबाई स्टुलावर पुढे सरकल्या. घरीसुद्धा ही इतकी मोकळी कधी हसली नव्हती. आणि परक्या माणसापुढे?

त्यांची नजर कॅमेऱ्यावर गेली. रामनवमीच्या कीर्तनाचे फोटो त्यांचा भाऊ पद्मनाभ काढायचा. बुवा ऐन रंगात आले की नेमका रोल संपायचा, आणि कान कथेकडे ठेवून नवा रोल भरून द्यायच्या त्या तुंगाबाई. रोल पुढे सरकला की कॅमेऱ्यावरची डावीकडची चकती फिरते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

इथे चकती हलतच नव्हती.

"थांबा!" त्या उठल्या. "ह्यात रोल नाही."

हयवदनचा हात थबकला. "नाही, अक्का."

"मग पंधरा मिनिटं डोळा लावून माझ्या पोरीकडे बघत काय होतात?"

त्याने कॅमेऱ्याची पाठ उघडून दाखवली. खरंच रिकामा. "नव्या मुलीचे पहिले फोटो मी असेच, रोलशिवाय काढतो. चेहरा सैल झाला की गुपचूप खरा भरतो. आत्ता भरणारच होतो."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितल्यावर चेहरा सैल कसा होणार, अक्का?"

तुंगाबाईंना पटलं, आणि पटलंही नाही.

त्याने त्यांच्यादेखत रोल भरला. "हां, आता खरे."

आता खरे म्हटल्यावर शिल्पाश्री शाळेच्या ओळखपत्रावरच्या फोटोसारखी ताठ झाली. खटक्. हसली, तर नुसते दात दिसले. खटक्. हयवदनने पुन्हा ग्रंथपालांचा विषय काढला. तिने नकारार्थी मान हलवली. डोळे भरून आले होते.

"आई, कशाला गं मध्ये बोललीस?"

मघाचा तो चेहरा तुंगाबाईंनी डोळ्यांनी पाहिला होता. तो आता कुठल्याच फोटोत येणार नव्हता.

"अक्का, दहा मिनिटं बाहेर बसता का?"

"ते नाही जमायचं."

मग तुंगाबाईंनी स्टूल फिरवलं आणि खोलीकडे पाठ केली. "घ्या. बघत नाही. डोळेही मिटते." कीर्तनात बसाव्यात तशा त्या मांडीवर हात ठेवून, डोळे मिटून बसल्या.

दाराशेजारी मेकअपचा आरसा तिरका टेकवलेला होता. हयवदनच्या खांद्यावरून शिल्पाश्रीला त्यात आईचा चेहरा दिसत होता. कीर्तनातही आई अशीच बसायची, आणि मागे पोरं कुजबुजली की तिचा एकच डोळा उघडायचा. शिल्पाश्री टक लावून वाट बघत राहिली.

डोळा किलकिला झाला. लेकीकडे नाही. आरशातून थेट कॅमेऱ्याच्या चकतीवर.

शिल्पाश्री खदखदून हसली.

खटक्. हयवदनने रोल पुढे सरकवायचा खटका ओढला, आणि चकती फिरली.

आरशातला डोळा पुन्हा मिटला.