थोरल्याचा आशीर्वाद

भावाचा जुना कोट तिच्या खांद्यांवरून ओघळत होता. आत्याने बाह्या खाली ओढून तिचे हात बोटांपर्यंत झाकले.

"फारसं बोलू नकोस," आत्या दाराबाहेर कुजबुजली. "हूं म्हण, बस. या वयात मला रिबका व्हायला लावलंत तुम्ही भावंडांनी!"

आत अप्पा शेवटचे श्वास मोजत पडले होते. डोळे केव्हाच गेले होते. आता एकच धोशा होता: थोरल्याला बोलवा, त्याच्या डोक्यावर हात ठेवायचाय. थोरला फोनवर म्हणाला होता, "धडधाकट होते तेव्हा कधी ठेवला नाही, आता कशाला?" आत्याने अप्पांना सांगितलं, निघालाय.

अप्पांनी जन्मभर शाळेत बायबल शिकवलं. त्यातला इसहाक त्यांच्या खास जिव्हाळ्याचा. आंधळा म्हातारा इसहाक थोरल्या, अंगभर केसाळ एसावाला आशीर्वाद द्यायचं ठरवतो, आणि आई रिबका धाकट्या याकोबाच्या हातांना बकरीचं कातडं गुंडाळून त्यालाच पुढे करते. हात केसाळ लागले, म्हातारा फसला.

"पण आवाज तर ओळखला होता ना त्याने?" लहानपणी तिने वर्गात विचारलं होतं.

"म्हाताऱ्याला जे हवं असतं तेच ऐकू येतं," अप्पा म्हणाले होते. एसाव मागाहून येऊन ढसाढसा रडला, तोवर आशीर्वाद देऊन झाला होता. तो एकदाच देता येतो, हे सांगताना अप्पा टेबलावर डस्टर आपटायचे.

याकोबाने निदान स्वतःसाठी सोंग घेतलं. ती मात्र भावाचा वाटा भावाच्याच नावाने घ्यायला निघाली होती. आई गेल्यापासून अप्पांची औषधं, चादरी, दाढी सगळं तिच्याकडे होतं. तिला कुणी बोलावणं धाडलं नव्हतं. ती घरातच होती.

"आलाय बघ तुझा लेक," आत्या मोठ्याने म्हणाली आणि तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

ती खाटेशी गुडघे टेकून बसली. अप्पांचा हात हवेत चाचपडला, कोटाच्या बाहीवरून खांद्यावर आला, मग डोक्यावर स्थिरावला. तो हात इतका हलका झाला असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"खूप सोसलंस माझ्यापायी," अप्पा म्हणाले. "आता पुरे. स्वतःसाठी जग. कुणाची वाट बघत बसू नकोस."

"हूं," ती जाड आवाजात म्हणाली. भावाला हे सांगायची काय गरज होती? तो आजवर दुसरं काय करत आला होता?

ती बाहेर आली. कोट काढून आत्याच्या हातात दिला, तोंड धुतलं आणि रोजच्यासारखी पाण्याची वाटी घेऊन आत गेली. चमच्याने अप्पांचे ओठ ओले केले. विचारायचं नाही असं ठरवूनही तिच्याने राहवलं नाही.

"अप्पा, माझ्यासाठी काही उरलंय?"

अप्पांनी डोळे मिटले. झोप लागली असावी, असं वाटून ती उठू लागली.

"दोनदा कसा देऊ गं?" ते म्हणाले. "मघाशी दिला ना तुला."