सुटे दोरे

चाकाची खुर्ची दारातच अडली. मोटारसायकलचं मागचं चाक वाटेत येत होतं, आणि मोटारसायकलला हात लावायचा नाही हा त्या घरचा कायदा होता. सुनेने खुर्ची तिरकी केली, सरळ केली, चौकटीवर बोटं सोलून घेतली आणि सासूला कसंबसं आत आणलं. सासूच्या खुब्यात आता सळई होती. घरी सोडताना डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती. जिना चढायचा नाही.

खाली दोनच खोल्या, पुढची बैठकीची आणि मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात पलंग मावत नव्हता. पुढच्या खोलीत मावला असता, पण तिथे मोटारसायकल राहत होती.

लाल, बुटकी, पुढे झुकलेली, शर्यतीची. कंपनीने मोजक्याच काढल्या होत्या, आणि टाकीजवळच्या पितळी पट्टीवर हिचा क्रमांक कोरलेला होता. नवरा तिला तळहाताच्या फोडासारखं जपत होता. आणल्यापासून टाकीत पेट्रोलचा थेंब नाही, दोन्ही चाकं स्टँडवर अधांतरी. घरात कुणाला ताप आला तर थर्मामीटर सापडत नसे, पण हिच्यासाठी हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र भिंतीवर टांगलेलं होतं.

आईला वर ठेवायचं, हे नवऱ्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. शेजारचे दोघं खुर्चीसकट उचलून नेतील. मग खाली कशा येणार, असं तिने विचारलं, तर म्हणाला, खाली यायची गरजच काय, जेवण-चहा सगळं वर पोचेल. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हातारी मरणाच्या दारातून परत आली होती, आणि हा तिला जुन्या सामानासारखी माळ्यावर टाकायला निघाला होता.

गाडी मागच्या शेडमध्ये का जात नाही, हेही तिने पुन्हा एकदा विचारून पाहिलं. त्याने लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. मोजक्या निघाल्या एवढ्यावर काही होत नाही. क्रमांक, कागदपत्रं, पहिली किल्ली हे तर सगळ्यांकडेच असतं. खरी किंमत टायरवर असते. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, साच्यातून निघताना राहिलेले. गाडी रस्त्यावर फिरली की ते झिजून जातात. जाणकार माणूस गाडी बघायला आला की आधी गुडघ्यावर बसून तेच बघतो. उद्या असाच एक जाणकार येणार होता, आणि त्याने मान डोलावली की गाडीचं नाव मोठ्या संग्रहांच्या रांगेत लागणार होतं. शेडच्या उतारावरून ढकलत नेली तरी ते केस मोडतील.

"ते आहेत तोवर ही खास आहे," तो म्हणाला. "ते गेले की चारचौघींसारखी. मग शेडमध्ये ठेवा नाहीतर रस्त्यावर ठेवा."

"आणि आई? त्या किती काढल्या होत्या कंपनीने?"

तो शेजाऱ्यांना बोलवायला निघून गेला.

संतापाची गोष्ट म्हणजे सासूही त्याचीच बाजू घेत होती. राहू दे, त्याच्या हौसेची वस्तू आहे, मी राहीन वर, असं ती रस्ताभर म्हणत आली होती. याच खोलीत तिने जन्मभर लोकांचे कपडे शिवले होते. जिथे आता मागचं चाक होतं, तिथेच तिचं मशीन होतं. त्या मशीनवर पोराला वाढवलं, आणि पोराने गाडी आणली त्या दिवशी मशीन स्वतःहून वर चढवायला लावलं. सुनेला दोघांनाही धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

"आई, तुम्हाला कधी रागच येत नाही का हो?"

"येतो की," सासू म्हणाली. "राग आला की मी हाताला काम देते. जा, पाणी आण."

सून स्वयंपाकघरात गेली. हंडा, पेला, झाकण, सगळं तिने आदळलं. पाणी घेऊन ती दारात आली, तेव्हा आतून बारीक टक् टक् ऐकू येत होतं.

सासूने हॉस्पिटलला नेलेली कापडी पिशवी मांडीवर उघडली होती. त्यात तिची दोरे कापायची कात्री कायम असे. खुबा दुखेल तितकी ती पुढे वाकली होती आणि टायरवरचा एकेक केस मुळाशी कापत होती. कापलेला केस डाव्या मुठीत जमा करत होती. शिवलेला कपडा गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी ती नेमकी अशीच बसायची.

"एवढी महागाची वस्तू," मान वर न करता ती म्हणाली, "आणि सुटे दोरे तसेच ठेवलेत. माझ्या हातून असं काम कधी बाहेर गेलं नसतं."

फाटक वाजलं. नवरा शेजाऱ्यांना सांगत होता, जपून हं, आत गाडी आहे. एक शब्द बोलली असती तर सासू थांबली असती. सुनेने पेला खिडकीत ठेवला.

समोरचा भाग साफ झाला होता. चाकाच्या पलीकडच्या बाजूला केस अजून होते, आणि तिथवर सासूचा हात पोचत नव्हता.

सुनेने खाली बसून चाक धरलं आणि हळूच तिच्याकडे फिरवलं.