एकोणिसावी मुळी

"ही आपलीच आहे," लुआ म्हणाली आणि उदबत्त्यांचा जुडगा तिनं नवऱ्याच्या नाकाशी धरला.

तोआन वाळवणाच्या छपराचा बांबू बांधत होता. त्यानं मान वळवली, पण नाक काही पुढे केलं नाही. "बाजारातून आणलीस ना? मग आपली कशी? उदबत्त्या सगळ्या सारख्याच."

उदबत्तीवाल्यांच्या घराण्यातला हा एकुलता एक मुलगा, आणि म्हणे सगळ्या सारख्याच! लुआनं एक काडी पेटवून जमिनीत खोचली. राख गळून पडली नाही, गोल वळत गेली. अशी राख एकाच घरच्या उदबत्तीची वळायची, आणि ते अख्खं घर चंबूगबाळं उचलून नऊ दिवसांपूर्वी या पठारावर येऊन पडलं होतं.

उत्तरेत गावाजवळून मोठा रस्ता आला आणि वाळवणाचं अंगण त्यात गेलं. हिवाळाभर तिथं भुरभुर पाऊस, काड्या ओल्याच राहायच्या. तोआन सहा वर्षं नववर्षाच्या आधी माल घेऊन इकडे यायचा, या पठारावरच्या बुओन मा थुओत शहरात बहिणीकडे तीन-तीन महिने राहायचा. "तिकडे सहा महिने खणखणीत ऊन असतं," तो परत आला की सांगायचा, "आणि आपल्यासारखी उदबत्ती करणारं एक माणूस नाही." त्याच्या या बोलण्यावर विसंबून लुआनं कानातलं विकलं, आईचा निरोप घेतला आणि दोन मुलींना घेऊन ती निघाली.

उदबत्तीत घालायच्या अठरा जिनसा कुठल्या, ते त्यांच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एकोणिसावी मुळी तांदळाच्या दारूत किती भिजवायची आणि किती परतायची, हे मात्र फक्त या घराला माहीत. त्यातही पोटच्या मुलीला नाही, कारण मुलगी परक्याच्या घरी जाते. शिकवायचं ते सुनेला. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी न्हाम सासूबाईंनी लुआला पूर्वजांच्या देव्हाऱ्यावर हात ठेवायला लावला आणि मग परातीपुढे बसवलं.

लुआची आई भुशाच्या साध्या उदबत्त्या विकून कसंबसं भागवायची. एकदा तिनं फार आडून आडून विचारलं. "आई, ते सोडून काहीही माग," लुआ म्हणाली. आईनं पुन्हा विषय काढला नाही. तेव्हाचा तिचा चेहरा लुआच्या काळजाला अजून टोचत होता.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बाजारातल्या त्या उदबत्तीच्या दुकानात गेली.

"तळ्याकडची एक बाई देते," दुकानदारीण म्हणाली. "तीन वर्षं झाली. आज ठेवली की परवा फडताळ रिकामं. तुम्हाला आणखी हवी तर आधी सांगून ठेवा."

तळ्याकडे नणंद राहत होती, हिएन. आणि तीन वर्षांपूर्वी हिएन आजारी आहे म्हणून सासूबाई इकडे येऊन चार महिने राहून गेल्या होत्या. लुआच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण सख्ख्या आईला नाही म्हटलं, आणि ज्यांनी शपथ घ्यायला लावली त्यांनीच लेकीच्या ओंजळीत सगळं ओतलं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आईला काही विचारू नकोस," घरी तिचं ऐकून तोआन म्हणाला. "नव्या जागी भांडण नको."

"भांडण कोण करतंय? मी फक्त विचारणार आहे."

तिसऱ्या दिवशी सासऱ्यांचं श्राद्ध होतं. दुपारी हिएन चिकट भाताचं पातेलं घेऊन आली. उकडलेली कोंबडी, बांबूच्या कोंबांचं सार, सगळं देव्हाऱ्यापुढे मांडायला घेतलं. लुआनं बाजारातला तो जुडगा काढला, तीन काड्या पेटवून खोचल्या आणि मुलींना अंगणात पिटाळलं.

"वास ओळखीचा वाटतो का, ताई?"

हिएननं हुंगलं आणि भावाकडे पाहिलं. तोआन सार ढवळत राहिला.

"तळ्याकडची बाई म्हणे विकते. तळ्याकडे तुमच्याशिवाय आपलं कोण आहे?"

"वहिनी, मी?" हिएन हसायला गेली, पण ते हसू तिला पेललं नाही. "मी एकदा करून पाहिली होती. पेटवली तर शेजारी आग लागली म्हणून धावत आले. मला कोण शिकवणार?"

"तुम्ही आजारी होतात तेव्हा आई चार महिने कशाला राहिल्या होत्या?"

"आजारी?" हिएन म्हणाली. "मी कधी?" आणि तिनं जीभ चावली.

"ठेवा देव्हाऱ्यावर हात. म्हणा, आईनं मला शिकवलं नाही."

हिएन उठली. दोन्ही हात देव्हाऱ्यावर टेकून म्हणाली, "आईनं मला काही शिकवलेलं नाही. खोटं असेल तर बाबांनी मला बघून घ्यावं." मग ती भावाकडे वळली. "दादा, आता तरी तोंड उघड. माझ्यावर कशाला?"

तोआननं पळी खाली ठेवली.

लुआला आपण फार वाईट वागलो असं वाटलं. तिनं नणंदेचा हात धरला. "चुकले ताई. पण मग चोरलं कुणी? आई, आपल्या घराण्यात नियम कुणी मोडला?"

न्हाम सासूबाई इतका वेळ कोंबडीचे तुकडे नीट रचत बसल्या होत्या. त्यांनी बोटं पुसली.

"नियम कुणी मोडलेला नाही, सूनबाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी सुनेलाच शिकवलंय, तोआनच्या मुलाच्या आईला."