हरिचंद्रचा नारळ

“वहिनी, थांब म्हटल्यावर थांबेल असं मशीन करा, मगच मला बोलवा,” संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनखाली बोटं गमावलेला हरिचंद्र म्हणाला होता आणि कुंदाताईंनी शब्द दिला होता. आज आनंदनगरच्या त्यांच्या कारखान्यात त्याच मशीनसाठी दोन सॉफ्टवेअर पारखायची होती. मुलाला त्यातलं वेगवान हवं होतं. “आई, हरिचंद्रला नारळ दे, दुसरा माणूस ठेवू.” कुंदाताईंनी पूजेचा नारळच मशीनच्या कापणाऱ्या हेडखाली ठेवला. “हा त्याचा हात समज. हेड खाली आलं की लाल बटण दाब.” मुलाने दाबलं. वेगवान सॉफ्टवेअरवर हेड थांबता थांबता घसरलं. करवंटी फुटून पाणी वाहिलं. दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठी दुसरा नारळ ठेवला. कुंदाताई नामस्मरण करत होत्या. मुलाने पुन्हा लाल बटण दाबलं. हेड शेंडीपाशी थबकलं. “हेच घेऊ,” तो पुटपुटला. शाबूत नारळ घेऊन कुंदाताई पालेगावला हरिचंद्रच्या घरी निघाल्या, त्याला बोलवायला.