तिच्या दवाखान्याची पाटी

सुताराने कोरी पाटी पेंटरच्या टेबलावर आणून ठेवली. "काका, जनावरांच्या दवाखान्याची आहे. बाई म्हणाल्या, अक्षर तुमच्याच हातचं हवं. नाव चिठ्ठीत आहे. संध्याकाळी न्यायला येतो."

पेंटरने चष्मा चढवला, चिठ्ठी उघडली आणि अक्षर ओळखलं. ही त्याची पोर. बँकेच्या परीक्षेला बस म्हटलं, तर गुरांच्या डॉक्टरकीला गेली. चांगलं स्थळ आणलं, तर ते धुडकावून आपल्या मनाने लग्न करून मोकळी झाली. आईबापाचा मान म्हणून काही असतो की नाही!

तरी त्याने ब्रश बुडवला. पोरीचं नाव एका दमात उतरलं. पुढच्या शब्दाला मात्र ब्रश असा अडून राहिला, की रंग पाटीभर ठिपकला. त्याने पुसलं, पुन्हा ब्रश टेकवला, पुन्हा पुसलं.

"अहो, झाली का पाटी?" बायकोने आतून विचारलं. "सुतार येईल आता."

"झाली असती तर सांगितलं नसतं का!" तो खेकसला. तीस वर्षं गावभराची नावं रंगवलेल्या माणसाला एक नाव लिहिता येईना.

.

.

चार वर्षांपूर्वी त्याने तिला दारातूनच बजावलं होतं, "आजपासून माझं नाव लावायचं नाही." लग्न झालं तरी पोरीने तेही ऐकलं नव्हतं.