नातवाशी गप्पा

नव्या मशिनांचं प्रदर्शन घेऊन गावोगाव फिरणारा एका कंपनीचा ट्रक आखातातल्या सूर, निझवा करत दार्सैतला आला. त्यातलं एक मशीन मराठीचं इंग्रजी आणि इंग्रजीचं मराठी करून बोलतं, हे कळल्यावर जयवंतीआजी हट्टालाच पेटली.

गावाहून ती मुलाकडे आली काय आणि इथेच तिच्या हार्टचं ऑपरेशन झालं काय! हॉस्पिटलमधून घरी आल्यापासून बघतेय, ती समोर आली की मुलगा-सून लगेच इंग्रजीत सुरू. गावी नवऱ्याला फोन लावून दे म्हटलं, तर "बाबांचा फोन बिघडलाय." आणि सात वर्षांच्या नातवाला मराठी येतं ते "हो" आणि "नको" एवढंच.

"आई, चल ना, उशीर होतोय," मुलगा जितेश तिचा हात ओढत होता.

"थांब रे मेल्या! तुझं इंग्रजी रोजच ऐकते. आज मी माझ्या कौशिकशी बोलणार. विचार बाळा, तुला काय पायजे ते आजीला विचार!"

जितेश अडवायच्या आत कौशिक माइकमध्ये बोलून मोकळा झाला. मशीन स्वच्छ मराठीत म्हणालं,



"आजी, आजोबा वारले तेव्हा आम्ही सगळे रडलो. तू का नाही रडलीस?"